व्यसनमुक्तीच्या पायऱ्या आणि आपला आचारधर्म



मद्य व मांस वर्ज्य करणे हे आपल्या पंथात उपदेश घेणाऱ्याचे अगदी पहिले पाऊल होय. तेव्हा मद्यपानाविषयी निरूपण करण्याचे आपणांस प्रयोजनच काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. उपदेशी मनुष्य मद्य घेत नाही, आणि जो घेतो तो उपदेशी नव्हे, एवढे म्हटले की विषय संपला असे पुष्कळांस वाटते. परंतु गिरगाव, दादर, परळ, लालबाग या मुंबईच्या जुन्या वस्त्यांतून राहणाऱ्या वासनिक कुटुंबांची स्थिती ज्यांना जवळून ठाऊक आहे, त्यांना हा विषय इतका सोपा नाही हेही ठाऊक आहे. उपदेश घेतल्यावर पाय घसरलेला मनुष्य असतो. उपदेशी बाईचा नवरा असतो, मुलगा असतो. तो सत्संगाला येईनासा होतो, घरची माणसे त्याचे नाव काढीत नाहीत, आणि आपण सर्वजण कळून न कळल्यासारखे करतो. अशा मनुष्याला परत येण्यास वाट आहे काय, आणि असल्यास ती कोणत्या पायऱ्यांनी चढावयाची, एवढाच या लेखाचा विषय आहे.

प्रथम भूमीचा विचार करू. कोकणातून व घाटावरून मुंबईस आलेला गिरणी कामगार एका खोलीत आठ-दहा जणांबरोबर राहत असे. बायकामुले गावी, जेवण खानावळीत, आणि काम पाळीपाळीने कापसाच्या तुसात. पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात सावकार आणि वळणावर गुत्ता, अशी त्याची वाट दोन्हीकडून अडविलेली असे. त्यात आकड्याची भर पडली. १९६० च्या सुमारापर्यंत हा आकडा न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील उघडत्या व मिटत्या भावावर लागत असे. म्हणजे दिवसभर जो कापूस कातावयाचा, त्याच कापसाच्या दूरदेशीच्या भावावर सायंकाळी मजुरी लावावयाची! पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. सुमारे अडीच लक्ष कामगार त्यात उतरले, आणि त्यांपैकी पुष्कळांना पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. रिकाम्या हातांच्या घरांत मद्य शिरले, आणि त्याच दशकात तरुण पिढीत ‘गर्द’ नावाचे विष आले. आज गिरण्यांच्या चिमण्या जाऊन तेथे काचेचे मनोरे उभे आहेत, परंतु व्यसनाने आपली जागा सोडलेली नाही. चाळीतला मनुष्य पितो, तसा मनोऱ्यातलाही पितो. फरक बाटलीच्या किमतीचा आहे.

यावर कायद्याचा उपाय होऊन गेला आहे. १ ऑगस्ट १९३९ रोजी मुंबई शहरात दारूबंदी झाली, व पुढे १९४९ साली मुंबई राज्याने तसा कायदा केला. हेतू निःसंशय चांगला होता. तथापि गुत्ते मिटले तेव्हा हातभट्ट्या पेटल्या, आणि विषारी दारूचे बळी मुंबईस नवे राहिले नाहीत. २०१५ च्या जून महिन्यात मालाडच्या मालवणीत अशाच दारूने शंभराहून अधिक माणसे दगावली. दुकान बंद करणे कायद्याच्या हाती असते. जीवाच्या ठिकाणी बसलेली वासना काढणे त्याच्या अधिकाराबाहेरचे आहे. तो अधिकार धर्माचा आहे, आणि म्हणून धर्म सांगणाऱ्यांनी या विषयाकडे पाठ फिरविणे योग्य नव्हे.

आता पायऱ्यांचा विचार. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल विल्सन नावाचा शेअरबाजारातील मनुष्य आणि डॉ. बॉब स्मिथ नावाचा शल्यवैद्य एकमेकांस भेटले. दोघेही मद्याने बुडालेले. एका मद्यपीने दुसऱ्या मद्यपीला आपली खरी स्थिती सांगितली, तर दोघांनाही मद्यापासून दूर राहता येते, असा अनुभव त्यांना आला. त्या अनुभवातून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ हे मंडळ निघाले, आणि १९३९ साली त्याच्या बारा पायऱ्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. १९५७ पासून हे कार्य भारतात आहे, व मुंबईत त्याच्या सभा मराठीतूनही होतात. तेथे वर्गणी नाही, आडनाव विचारीत नाहीत, आणि पिणे सोडण्याची इच्छा एवढीच प्रवेशाची अट आहे. वांद्र्याची कृपा फाउंडेशन ही संस्था फादर जोसेफ परेरा यांनी १९८१ साली स्थापन केली. तेथे या पायऱ्यांना योगाभ्यासाची जोड आहे. १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांच्या पुढाकाराने पुण्यात ‘मुक्तांगण’ उभे राहिले.

येथे अशी शंका निघते की, ही वाट ख्रिस्ती देशातून आलेली आहे. या पायऱ्या ज्या मंडळींच्या सहवासात तयार झाल्या ती ख्रिस्ती धर्मभावनेची होती. शिवाय त्या पायऱ्यांत प्रत्येकाने आपल्याला उमजेल त्या ईश्वरास शरण जावे असे म्हटले आहे. आपला सिद्धांत तर जीव, देवता, प्रपंच व परमेश्वर या चार पदार्थांचा आहे. देवता परमेश्वर नव्हे, आणि मोक्ष देण्याचे सामर्थ्य एका परमेश्वराचेच. मग अनन्यभक्ताने अशा मंडळात जाऊन बसणे युक्त काय?

याचे समाधान असे. ज्याचे त्याचे ईश्वरस्वरूप ज्याच्या त्याच्यावर सोपविले आहे, याचाच अर्थ उपदेशी मनुष्यावर तेथे परदैवत लादले जात नाही. शेजारी बसलेला दुसऱ्या कोणाचे नाव घेईल. आपण आपल्या पंचकृष्णांचे स्मरण करावे. रुग्णालयाच्या खाटेवर शेजारचा रुग्ण कोणत्या धर्माचा आहे हे आपण पाहत नाही, आणि वैद्याच्या धर्मामुळे औषधाचा गुण बदलत नाही. ते मंडळ मोक्ष देण्याचे वचन देत नाही. ते फक्त मद्यापासून दूर राहण्यास साह्य करते. मोक्षमार्गाचे ज्ञान ज्याने आपल्या मार्गात घेतले आहे, त्याने त्या साह्याने शुद्धीवर यावे आणि शुद्धीवर आलेल्या चित्ताने आपला मार्ग आचरावा. नशेत असलेल्या चित्ताला स्मरण होत नाही, हे सांगण्यास प्रमाण कशास हवे?

आता त्या पायऱ्यांचा आशय आपल्या शास्त्राच्या प्रकाशात पाहू. पहिल्या तिहींचा सारांश असा की, मी मद्यापुढे असमर्थ झालो आहे, माझ्याहून समर्थ असे कोणी मला सावरू शकेल, आणि मी त्याच्या स्वाधीन होत आहे. जीव अनादी अविद्येने बद्ध आहे व स्वबळाने सुटत नाही, हे आपण नित्य ऐकतो. मद्यपी मनुष्य मात्र याच्या नेमके उलट बोलतो. मनात आणीन तेव्हा सोडीन, हे त्याचे ब्रीद असते, आणि या एका अभिमानावर त्याची वर्षांमागून वर्षे निघून जातात. ज्या दिवशी तो ‘माझ्याने होत नाही’ असे खऱ्या मनाने म्हणतो, तो दिवस दुर्बळतेचा वाटला तरी त्याच्या सुटकेचा पहिला दिवस असतो.

यावर दुसरी शंका निघते: जीव असमर्थच असेल तर त्याला दोष तरी का द्यावा? आणि सर्व काही परमेश्वराने करावयाचे असेल तर याने काय करावयाचे? लीळाचरित्रातील सशाची लीळा येथे स्मरावी. पारध्यांच्या कुत्र्यांपुढे धावत आलेला ससा स्वामींच्या मांडीखाली शिरला. पारध्यांनी तो मागितला. स्वामींनी शरण आलेल्यास दिले नाही, आणि पाणी व गवत यांवर जगणाऱ्या जीवाला का मारता असे विचारून पारध्यांचेही मन पालटविले. ही लीळा आपण शरणागताच्या रक्षणाचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु तिच्या शेवटाकडे लक्ष द्यावे. भय टळल्यावर स्वामींनी मांडी उचलली आणि सशाला जावयास सांगितले. रक्षण स्वामींनी केले. पुढे रानातून धावावयाचे ते सशानेच. शरण जाणे म्हणजे चालणे टाकणे नव्हे, चालावयास मोकळे होणे होय. कृपेवाचून सुटका नाही, आणि आचारावाचून मिळालेली सुटका टिकत नाही. असमर्थता ही व्यसनापुरती आहे. आज सत्संगाला जाणे, आज वैद्याकडे जाणे, आज खरे बोलणे, एवढे सामर्थ्य प्रत्येक जीवाजवळ शिल्लक असते, आणि तेवढ्याचा जाब त्याला द्यावाच लागतो.

पुढील दोन पायऱ्या आत्मपरीक्षणाच्या व निवेदनाच्या आहेत. आपल्या दोषांची निर्भयपणे नोंद करावयाची, आणि ती परमेश्वराजवळ, स्वतःजवळ व आणखी एका मनुष्याजवळ उघड करावयाची. म्हाइंभटांनी लीळा कशा गोळा केल्या हे आपण जाणतोच. आपल्या तर्कावर न विसंबता ज्याने पाहिले, ज्याने ऐकले, त्याच्याकडे जाऊन त्यांनी विचारले. मद्यपी मनुष्याने आपल्या दोषांचे चरित्र असेच लिहावे. त्याची स्वतःची स्मृती नशेने झाकलेली असते. त्या रात्री काय घडले ते त्याला ठाऊक नसते, पण त्याच्या पत्नीला, दाराआड उभ्या राहिलेल्या मुलीला व भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याला ते ठाऊक असते. त्यांना विचारावे आणि ते सांगतील ते मध्ये न बोलता ऐकावे. निवेदन मात्र विचारपूर्वक निवडलेल्या मनुष्याजवळ करावे. महंतांनी व ज्येष्ठ तपस्विनींनी अशा निवेदनास कान द्यावा, आणि ऐकलेले आपल्यापाशीच ठेवावे. एकाचे निवेदन दुसऱ्या दिवशी आश्रमाच्या ओसरीवर चर्चेला आले, तर दहाजणांची तोंडे कायमची बंद होतात.

सहावी व सातवी पायरी दोष जाण्यासाठी मन तयार करण्याची व नम्रतेने प्रार्थना करण्याची. आपल्याकडे यालाच अनुतापाचे स्थान आहे. अनुताप आणि लज्जा यांत भेद करावा. लज्जा मनुष्याला लपविते. अनुताप त्याला परमेश्वरासमोर आणतो. लाजेने मनुष्य पुन्हा पितो, कारण ती लाज विसरण्याचे त्याला ठाऊक असलेले साधन तेच असते. म्हणून घसरलेल्या मनुष्यास चारचौघांत फजीत करणे हा त्याच्या सुधारणेचा उपाय नव्हे.

आठवी व नववी पायरी म्हणजे ज्यांना दुःख दिले त्यांची नावे आठवून शक्य तेथे भरपाई करणे; मात्र भरपाईच्या निमित्ताने कोणास नवी इजा होणार असेल तेथे थांबणे. हिंसेचा त्याग हा आपल्या आचाराचा पाया आहे. मुंगीवर पाय पडू नये म्हणून आपण जपतो. परंतु मुलांच्या शाळेची फी गुत्त्यात देणे, घरातील भांडे मोडीत घालणे, रात्री पत्नीवर हात उगारणे, याला हिंसेवाचून दुसरे कोणते नाव आहे? या हिंसेचे प्रायश्चित्त केवळ दंडवतांनी पुरे होत नाही. सावकाराचे कर्ज फेडावे, पगार घरात आणून द्यावा, ज्याच्याशी खोटे बोललो त्याच्याशी खरे बोलावे. पत्नीने क्षमा लगेच करावी असा आग्रह धरू नये. तिचा विश्वास वर्षानुवर्षे झिजला आहे. तो भरून येण्यास काळ लागेल, आणि तो काळ सोसणे हेही प्रायश्चित्तच होय.

घरच्या माणसांविषयी येथेच लिहिणे अवश्य आहे. हरिपाळदेव या नावाने स्वामी भडोच येथे असतानाची द्यूताची लीळा सर्वांस विदित आहे. परमेश्वराची प्रवृत्ती जीवास अगम्य आहे. त्या लीळेचा आधार घेऊन कोणी आपल्या आकड्याचे समर्थन करू लागल्यास तो प्रमादच होय. परंतु द्यूताच्या देण्यासाठी मागितलेले दागिने देण्यास कमळाइसांनी नकार दिला, ही गोष्ट आपल्या भगिनींनी लक्षात ठेवावी. व्यसनासाठी पैसा न देणे हा पतीचा अनादर नव्हे. नवरा कामावर न गेल्यास आजारी असल्याची खोटी चिठ्ठी पाठविणे, त्याचे देणे शेजारून उसने आणून फेडणे, गावी सर्व कुशल असल्याचे कळविणे, हे प्रेमापोटी घडते. पण त्यामुळे व्यसनाला आणखी एक दिवस मिळतो. बायकांच्या कष्टावर गिरणगावातील किती घरे तरली हे खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांच्या इतिहासावरून दिसते. त्यांच्याचसाठी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन झाले. त्या कष्टाचा पैसा मुलांच्या ताटात पडावा, एवढा निश्चय घरच्या बाईने करणे धर्माला धरूनच आहे. आणि मार बसत असेल तर तो सोसणे हे व्रत नव्हे. तिने माहेरी, आश्रमात, प्रसंगी पोलिसांकडेही आश्रय घ्यावा.

दहावी व अकरावी पायरी नित्याची आहे: रोज आपली झडती घेणे, चूक होताच कबूल करणे, आणि प्रार्थना व चिंतनाने परमेश्वराशी अनुसंधान ठेवणे. यात आपणांस अपरिचित असे काय आहे? आपला नित्यविधी स्मरणाचा आहे. जन्मभर पिणार नाही अशी मोठी शपथ मनुष्य आवेशात घेतो व आठव्या दिवशी मोडतो. त्याऐवजी आजचा दिवस घेणार नाही, एवढाच नेम पहाटेच्या स्मरणाबरोबर करावा व रात्री निजताना तपासावा. पगाराचा दिवस, आषाढी अमावास्येची गटारी, लालबागमधील मिरवणुकीची रात्र, हे त्याच्या परीक्षेचे प्रसंग. भाद्रपद शुद्ध द्वितीयेला स्वामींचा अवतारदिन आपण साजरा करतो, आणि दोनच दिवसांनी त्या भागातील रस्ते उत्सवाच्या गर्दीने भरतात. त्या रात्रींत त्याला एकटे सोडू नये. एखाद्या वासनिक बंधूने त्याला आपल्या घरी जेवावयास बोलवावे व पारायणास बसवावे.

देहाचीही उपेक्षा नको. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने एकाएकी मद्य सोडले तर हातपाय कापणे, झटके येणे, दोन-तीन दिवसांत भ्रम होणे असे प्रकार घडतात, व ते प्राणावरही बेततात. म्हणून पहिले दिवस वैद्यकीय देखरेखीखाली काढावे. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तेथे अशा रुग्णांस साह्य मिळते. नामस्मरण करतो म्हणून औषध नको, असे म्हणणे ही निष्ठा नव्हे. भक्तजनांच्या दुखण्यात स्वामींनी घेतलेली काळजी लीळाचरित्रात वाचावी.

बारावी पायरी अशी की, जो उठला त्याने दुसऱ्या पडलेल्यास हात द्यावा. येथे तिसरी व अखेरची शंका येते. मनुष्य पुन्हा घसरला तर? उपदेशाचा भंग एकदा क्षम्य, दोनदा क्षम्य, पुढे काय? याचे उत्तर असे की, दोषाला दोष म्हणण्यात आपण ढिलाई करू नये. नशेत असलेल्यास सभेत बसवू नये, त्याच्या हाती आश्रमाचा पैसा देऊ नये. परंतु शुद्धीवर येऊन दारी उभा राहिलेल्यास कितव्यांदा आलास असे विचारू नये. आपल्या दृष्टान्तपाठातील हत्तीचा दृष्टान्त ध्यानात घ्यावा. आंधळ्यांपैकी प्रत्येकाच्या हाती हत्तीचा एकेक अवयव आला. व्यसनी मनुष्याविषयीही असेच होते. मुकादमाला तो कामचुकार दिसतो, वैद्याला रोगी, सावकाराला ऋणको, आणि आपल्याला आचारभ्रष्ट. प्रत्येकाच्या हाती काही खरे आहे. परंतु तो संपूर्ण जसा आहे तसा परमेश्वरच जाणतो, आणि त्या परमेश्वराने कोणत्याही जीवास उद्धरण्यास अयोग्य ठरविलेले नाही.

यासाठी आपल्या मुंबईतील मंडळींना एक विनंती आहे. प्रत्येक पाक्षिक सत्संगानंतर घटकाभर अशा कुटुंबांसाठी राखून ठेवावी. तेथे प्रवचन नको. ज्याला बोलावयाचे त्याने बोलावे, इतरांनी ऐकावे, आणि नाव बाहेर जाऊ देऊ नये. ज्यांना मद्य सोडून काही वर्षे झाली आहेत अशा बंधूंनी पुढे व्हावे. त्यांचा एक शब्द आमच्या दहा निरूपणांहून अधिक कामी येईल. आणि आपल्यापैकी ज्यांच्या गालात तंबाखूची गोळी असते, त्यांनी मद्यप्याची निर्भर्त्सना करण्यापूर्वी आपली गोळी थुंकून टाकावी. तीही पायरीच आहे, आणि ती आजच चढण्यास कोणाची हरकत नाही.

आज चाळीच्या जिन्यावर जो कोणी सत्संगाचा आवाज ऐकत, आत यावे की न यावे असा विचार करीत उभा असेल, त्याला आपणांपैकी कोणीतरी आत बोलवावे, शेजारी बसवावे, आणि इतरांस करतो तसाच त्यालाही दंडवत करावा.

सर्वांस दंडवत प्रणाम.